पिकअप कूलंट खाते आणि सकाळी ठोकते: हेड उतरवण्यापूर्वी काय तपासावे

डिझेल पिकअपच्या डब्यातील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दर आठवड्याला खाली जाते, जमिनीवर मात्र एक थेंबही दिसत नाही, आणि त्याच गाडीचे इंजिन सकाळच्या पहिल्या स्टार्टला ठोकते, अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की हेड (सिलिंडरांवरचे इंजिनाचे झाकण) उतरवण्याचा निर्णय बहुतेक वेळा उभ्या उभ्याच होतो. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यातील सांधा बंद करणारी हेड गॅस्केट हा पहिला संशयित असावा हे समजण्यासारखे आहे. परंतु गॅस्केट बदलल्यावर गाडी काही आठवडे बरी चालते आणि नंतर तीच तक्रार जशीच्या तशी परत येते, तेव्हा बदललेली गॅस्केट दोषी नव्हती, असे मानून तपासणी पहिल्यापासून सुरू करावी लागते. पुढील मजकूर अशाच परत परत येणाऱ्या तक्रारीविषयी आहे.

माझ्यासमोर असलेली गाडी अडीच लिटरच्या चार सिलिंडरी, टर्बो असलेल्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनाची, भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या काळातील आहे. इंदूरच्या चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरून ती सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल आणि सनावद या रस्त्याने खंडव्याकडे जाते आणि परतताना बहुधा बऱ्हाणपूरची केळी आणते. म्हणजे निमाडच्या चाळीस अंशांवरच्या उन्हातून आल्यावर भरल्या गाडीनेच तिला घाट चढून माळव्याच्या पठारावर यावे लागते. कूलिंगमध्ये जी काही उणीव असेल ती या चढावर उघडी पडते, त्यामुळे चालकाचे लक्षही घाटावर असते. आमच्या गाडीचे खरे लक्षण मात्र घाटात नव्हते. चालकाने सांगितलेले एकच वाक्य महत्त्वाचे ठरले: “भाऊ, सकाळी पहिल्या स्टार्टला ठोकते, धूर टाकते, मग गप्प होते, दिवसभर काही नाही.”

म्हणून तक्रार नोंदवताना ‘इंजिन ठोकते’ एवढेच लिहून थांबू नये. आवाज थंड इंजिनात येतो की गरम, चढावर भार पडल्यावर येतो की आयडलला, किती वेळ टिकतो, आणि त्या वेळी सायलेन्सरमधून काय निघते, हे चालकाकडूनच विचारून घ्यावे. भाराखाली वाढणारा आणि गरम इंजिनात जड, खालून आल्यासारखा वाटणारा ठोका पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. थंड इंजिनात पिस्टन लाइनरवर (सिलिंडरच्या आतील भिंतीवर) आदळल्याचा कोरडा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर हळूहळू मावळतो. टणटणीत, धातूवर धातू आपटल्यासारखा आणि एकाच सिलिंडरशी बांधलेला आवाज बहुधा डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा असतो. या तिन्हींत न बसणारा एक चौथा प्रकार आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहिल्या काही फेऱ्यांपुरता तो येतो, सोबत पांढरा धूर आणि मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणे) असते, आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही असे इंजिन चालू लागते. कूलंट खाणाऱ्या गाडीत हा चौथा प्रकार आढळला, तर कूलंट सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे असे धरून चालावे.

मात्र तेथपर्यंत जाण्यापूर्वी साध्या गळती बाद करून घ्याव्यात. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावावा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा, म्हणजे साधारणपणे ०.९ ते १.१ बार दाब देऊन काटा पंधरा-वीस मिनिटे स्थिर राहतो का ते पाहावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. एक बार दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण उघडून तो दाब सोडला की तेच पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर येते. काटा उतरला तर होज पाइपच्या क्लिपा, रेडिएटरच्या टाक्यांचे सांधे, वॉटर पंपाखालचे गळतीचे छिद्र, ब्लॉकवरचे कोअर प्लग (धातूची बुचे) आणि ऑइल कूलरचे सांधे बघावेत. चालत्या गाडीत गरम भागावर पडलेले कूलंट सुकून जाते, त्यामुळे ओलावा शोधण्यापेक्षा गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा शोधणे अधिक फलदायी असते. बॅटरीवरची टॉर्च तिरकी धरली की तो लगेच दिसतो.

झाकणाची तपासणी वेगळी करावी. त्यात दाब सोडणारा एक आणि थंड होताना डब्यातून कूलंट परत ओढून घेणारा दुसरा असे दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला कमकुवत झाला तर घाट चढताना कूलंट उकळून डब्याच्या ओव्हरफ्लो नळीतून बाहेर जाते आणि गाडी ‘पाणी खाते’ असा समज होतो. दुसरा अडकला तर सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला आढळतो. झाकण हा या साऱ्यातील सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तो बदलून पाहणे सर्वांत सोपे आहे, तरी तो सर्वांत शेवटी पाहिला जातो, याचे मला अजूनही नवल वाटते. व्हिस्कस फॅनही (गरम झाल्यावर क्लचने पकड घेणारा रेडिएटरचा पंखा) याच वेळी पाहून घ्यावा. इंजिन गरम असताना ते बंद करून पंखा हाताने फिरवला असता तो अडखळत, जड फिरला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर त्याचा क्लच गेला आहे आणि घाटातील तापमानवाढ तेवढ्यानेच समजावून सांगता येते.

येथे तापमानाच्या काट्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर कूलंटऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा राहतो आणि डॅशबोर्डवरचा काटा मधोमध किंवा त्याहूनही खाली दिसू शकतो. काटा नॉर्मल होता म्हणून इंजिन तापलेच नव्हते, हा चालकाचा निष्कर्ष त्यामुळे ग्राह्य धरता येत नाही.

बाहेरची गळती सापडली नाही आणि तरीही पातळी उतरते, तर कूलंट आतमध्येच कुठेतरी जात आहे. आत जाण्याचे रस्ते मोजके आहेत: हेड गॅस्केट, तडा गेलेले हेड किंवा ब्लॉक, ऑइल कूलर, ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग), आणि ज्या इंजिनांत वेट लाइनर (बाहेरून थेट कूलंट लागणारे लाइनर) असतात त्यांत छिद्र पडलेला लाइनर. ऑइल कूलरची ओळख तुलनेने सोपी आहे. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्यामुळे डब्यात तेलाचा तवंग येतो, आणि इंजिन बंद केल्यावर दाबाची बाजू उलटल्यामुळे कूलंट ऑइलमध्ये उतरते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणाऱ्या दुधाळ फेसावर मात्र विश्वास ठेवू नये. हिवाळ्यात शहरातल्या शहरात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो केवळ दमटपणामुळेही जमतो. त्यापेक्षा रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट अगदी हळू ढिला करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसलेले असते आणि असल्यास आधी तेच बाहेर येते. शंका उरली तर डिपस्टिकवरचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकावा, अर्थात डोळ्यांवर चष्मा लावून आणि चेहरा दूर ठेवून. शुद्ध ऑइल मुकाट्याने पसरते आणि धुरावते, तर पाणी मिसळलेले ऑइल फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडते. काही जुने उस्ताद कूलंट ओळखण्यासाठी बोट जिभेला लावून गोडी पाहतात. इथिलीन ग्लायकॉल खरोखरच गोडसर असते आणि खरोखरच विषारी असते, म्हणून ही पद्धत सोडून द्यावी, तसेच काढलेले कूलंट कुत्री-मांजरे किंवा मुले पोहोचतील अशा जागी उघडे ठेवू नये.

सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये घुसतो का, हे पाहण्याची घरगुती रीत अशी: सकाळी थंड इंजिन सुरू करावे आणि वरचा होज पाइप हातात धरून ठेवावा. इंजिन तापल्यावर पाइप ताठ होणे स्वाभाविक आहे, परंतु पाइप गार असतानाच एखाद्या मिनिटात दगडासारखा ताठ झाला तर तो दाब उष्णतेचा नसून जळलेल्या वायूचा आहे. गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रावणाची नळी वापरतात. रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली असता कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग हिरवट किंवा पिवळा होतो. या चाचणीत डिझेलची एक गोची आहे. डिझेल इंजिन आयडलला गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा घेऊन चालते, त्यामुळे त्याच्या धुरात त्या वेळी कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि खरोखर फुटलेली गॅस्केटही ‘पास’ होऊ शकते. म्हणून ही चाचणी इंजिनावर भार टाकून, निदान रेस वाढवून घ्यावी. दुसरी गोची याच्या उलट आहे आणि माझ्या मते बहुतेक निरपराध गॅस्केटी तिच्यामुळेच बदलल्या जातात: फुटलेल्या ईजीआर कूलरमधूनही धुराचा वायू कूलंटमध्ये शिरू शकतो, विशेषतः थंड स्टार्टच्या वेळी, जेव्हा कूलंटला स्वतःचा दाब नसतो. द्रावणाचा रंग बदलला म्हणजे गॅस्केट गेली, हे म्हणूनच सिद्ध होत नाही. वायू कूलंटमध्ये आला, एवढेच सिद्ध होते.

ईजीआर कूलर

जळलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणे हे ईजीआरचे काम आहे, आणि तो वायू आत सोडण्यापूर्वी थंड करणे हे ईजीआर कूलरचे. त्याच्या बारीक नळ्यांच्या एका बाजूला कित्येकशे अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला कूलंट असते. मध्ये फक्त पातळ स्टीलची भिंत. कूलंटची पातळी कमी राहून आत हवा अडकली, किंवा नळ्यांवर क्षाराचा थर बसला, की ती भिंत थंड होत नाही आणि तापण्या-निवण्याच्या चक्रात तिला केसाएवढी भेग पडते. माळव्याच्या काळ्या दगडातील बोअरचे पाणी जड असते, हे इंदूरच्या कोणत्याही गृहिणीला चहाच्या पातेल्यावरून ठाऊक आहे. वाटेवरच्या ढाब्याच्या हातपंपाचेच पाणी चालक डब्यात ओततो, आणि प्रत्येक वेळी ओतलेले क्षार आतच राहतात.

या भेगेतून होणारे नुकसान गाडी चालू असताना फारसे जाणवत नाही, कारण झिरपलेले थोडे कूलंट वाफ होऊन निघून जाते. गाडी घाट चढून येते, गोदामासमोर उभी राहते, आणि त्या वेळी कूलंटवर पूर्ण दाब असतो. तो दाब उतरेपर्यंत कूलंट भेगेतून धुराच्या बाजूला झिरपत राहते. कूलरचा उतार एक्झॉस्टकडे असेल तर ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये जाते आणि सकाळी केवळ पांढरा धूर दिसतो. उतार इनटेककडे असेल तर ते इनटेक मॅनिफोल्डमध्ये जमते आणि ज्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात उतरते. आमच्या गाडीत गोदामाच्या उतारावर तोंड खाली करून उभी केलेल्या रात्रीनंतर ठोका अधिक जोराचा येई. गॅस्केटच्या गळतीला गाडीच्या तोंडाची दिशा इतकी समजत नाही.

थोड्या कूलंटने एवढा ठोका का येतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ६२५ घन सेंटिमीटर असते. कॉम्प्रेशन रेशो १७ धरला तर पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त ३९ घन सेंटिमीटर जागा उरते. त्यात १५ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे कूलंट असेल तर उरलेली जागा २४ वर येते आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन रेशो २७ च्या आसपास पोहोचतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर येतो, आणि सकाळी ऐकू येतो तो हाच ताण. कूलंट चाळीस मिलिलिटरच्या जवळ गेले तर इंजिन जागीच अडकते. त्या क्षणी स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला किंवा गाडी ढकलून गियरमध्ये टाकली, तर रॉड वाकतो. म्हणून सकाळी स्टार्टर एकदम ‘टक्’ करून थांबला, तर बॅटरीला दोष देऊन दुसऱ्या गाडीची तार जोडण्याआधी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग (थंड स्टार्टला सिलिंडर तापवणारा प्लग) काढून इंजिन मोकळे फिरते का ते पाहावे.

ईजीआर कूलरची खात्री करण्यासाठी प्रथम त्याच्या इनटेककडील पाइप सोडावा. निरोगी कूलरच्या तोंडाशी काजळी कोरडी, मऊ आणि निस्तेज काळी असते. कूलंट येत असेल तर ती ओली, चिकट किंवा काही ठिकाणी धुऊन निघालेली दिसते आणि कडेला पांढरट क्षाराची रेघ सापडते. आमच्या कूलरच्या तोंडाशी बोट फिरवल्यावर काजळीऐवजी काळा, गोडसर वासाचा चिखल बोटाला लागला. त्यानंतर कूलर गाडीवरून उतरवून, कूलंटची दोन्ही तोंडे बंद करून त्यात एक-सव्वा बार हवा भरावी आणि तो पाण्यात बुडवावा. येथे थंड पाणी वापरणे ही नेहमीची चूक होते. भेग पुष्कळदा धातू प्रसरण पावल्यावरच उघडते, म्हणून थंड पाण्यात बुडबुडे आले नाहीत तर ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्यात चाचणी पुन्हा घ्यावी. आमच्या कूलरने थंड पाण्यात एकही बुडबुडा सोडला नाही, आणि गरम पाण्यात धुराच्या तोंडातून त्यांची बारीक, अखंड माळ निघाली.

कूलर उतरवणे लगेच शक्य नसेल तर तात्पुरता उपाय असा की त्याचे दोन्ही कूलंट पाइप एकमेकांना जोडून कूलर वगळावा, वायूचा मार्ग चाचणीपुरता पत्र्याने बंद करावा आणि काही सकाळी गाडी पाहावी. ठोका, धूर आणि पातळीची घट तिन्ही थांबली तर हेडला हात लावण्याचे कारण उरत नाही. हाच पत्रा कायमचा ठोकून देण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. प्रदूषणाची यंत्रणा निकामी करणे नियमाविरुद्ध आहे, इंजिनाचा दिवा लागू शकतो, आणि फुटलेला कूलर जागेवर ठेवून एका बाजूला पत्रा लावला तर कूलंट दुसऱ्या बाजूने निघतच राहते.

सकाळचा प्रत्येक पांढरा धूर कूलंटचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. जानेवारीत इंदूरच्या पहाटे सायलेन्सरमधून निघणारी वाफ सर्वच गाड्यांची असते. एखादा ग्लो प्लग मेला असेल तर त्या सिलिंडरमधील डिझेल वेळेवर पेटत नाही आणि धूर व ठोका दोन्ही तशाच प्रकारचे येतात. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि हवेत रेंगाळतो, तर कूलंटची वाफ लवकर विरते आणि तिला किंचित गोडसर वास असतो. ग्लो प्लगचा रोध मल्टिमीटरवर साधारण एक-दोन ओहमच्या आत दिसला पाहिजे. मीटरने काहीच दाखवले नाही तर प्लग तुटलेला आहे.

ठोक्याची स्वतंत्र तपासणी

ठोका गरम इंजिनातही टिकत असेल तर तो कूलंटशी जोडलेला आहे की निराळा, हे ठरवावे लागते. जुन्या डिझेल पंपाच्या गाड्यांत एकेका नोझलचा पाइप नट ढिला करून सिलिंडर बंद करण्याची रीत होती. कॉमन रेल गाडीत ती चुकूनही वापरू नये. रेलमधील दाब १,६०० बारपर्यंत जातो, आणि त्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल शरीरात शिरवते. गळती चाचपण्यासाठी पाइपाजवळ हात नेणेही तितकेच धोक्याचे. स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करावा. एखादा बंद करताच ठोका गेला, तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर, रॉडचे बेअरिंग किंवा पिस्टन पिन यांच्याकडे वळावे. स्कॅनरवरील इंजेक्टर करेक्शनचे आकडे (प्रत्येक सिलिंडरच्या डिझेलात गाडीचा संगणक करत असलेला कमी-जास्तपणा) आणि रिटर्न नळ्यांना बाटल्या लावून घेतलेली गळतीची चाचणी यांवरून इंजेक्टर बाद करता येतो. कूलंटमुळे येणारा ठोका गरम इंजिनात स्कॅनरला दिसत नाही, म्हणून स्कॅनर असलेल्या माणसाला सकाळच्या पहिल्या स्टार्टला बोलवावे, दुपारी गाडी घेऊन जाऊ नये. रॉकेलची भेसळ असलेल्या डिझेलनेही ज्वलन उशिरा सुरू होऊन इंजिन कडक वाजते. दुसऱ्या पेट्रोल पंपावर टाकी भरल्यावर आवाज सौम्य झाला तर ते कारण तेथेच निकाली निघते.

गॅस्केट बदलल्यानंतर नव्याने आलेल्या ठोक्याचे कारण मात्र त्या कामातच शोधावे. बऱ्याच डिझेल इंजिनांना एकाहून अधिक जाडीच्या गॅस्केटी येतात. पिस्टन वरच्या टोकाला असताना ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्यानुसार जाडी निवडायची असते, आणि जाडीची खूण गॅस्केटच्या कडेवरील खाचांनी किंवा छिद्रांनी दिलेली असते. दुकानात मिळाली ती पातळ गॅस्केट लावली, त्यात हेडचे फेसिंगही (खालची बाजू घासून सपाट करणे) केले, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर धोक्याच्या पातळीवर येते. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर जुनाच ठेवला किंवा एकावर एक दोन बसवले, तर नोझलची उंची बदलते आणि वायू निसटू लागतो. निसटणाऱ्या वायूचा ‘छक् छक्’ आवाज ठोक्यासारखाच भासतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. पिस्टनच्या उंचीचे हेच माप आणखी एका कामाला येते: चारपैकी एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबत असेल तर त्याचा रॉड वाकलेला आहे, आणि मग ठोका कूलंट थांबवल्यावरही जाणार नाही.

आमच्या गाडीचे हेड आधी उतरवले गेले होते आणि त्यानंतर काही आठवडे ती बरी होती, याचाही खुलासा नंतर झाला. रेडिएटरच्या खालच्या टाकीत गळती बुजवणाऱ्या पावडरीचा तपकिरी गाळ सापडला. तिने कूलरची भेग थोडे दिवस बुजवली आणि सोबत रेडिएटरच्या नळ्याही अर्ध्या बुजवल्या, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात घाटावर तापमानही चढू लागले. रस्त्यात अडकलेली गाडी घरी आणण्यापुरती ही पावडर समजून घेता येईल, पण ती टाकून सोडलेल्या गाडीत पुढचे निदान जवळजवळ अशक्य होते. म्हणून काम देताना पावडर टाकू नये आणि टाकल्यास बिलावर लिहावे, अशी स्पष्ट सूचना द्यावी.

दोष सापडून कूलर बदलल्यावरही काम संपत नाही. रात्रभर सिलिंडरमध्ये साचलेल्या कूलंटचा काही अंश पिस्टनच्या रिंगांमधून चेंबरमध्ये उतरलेला असतो. ग्लायकॉलमुळे ऑइलमध्ये आम्ले आणि चिकट गाळ तयार होतो आणि बेअरिंगवरचा तेलाचा पडदा तुटतो. त्यामुळे ऑइल व फिल्टर लगेच बदलावे, जुना फिल्टर कापून त्याच्या कागदात धातूची चमक आहे का ते पाहावे, आणि चमक आढळली तर चेंबर खोलून रॉडची बेअरिंगे तपासावीत. इनटेक मॅनिफोल्ड आणि इंटरकूलर यांत साचलेला चिखल काढल्याशिवाय नवा कूलर बसवू नये. कूलिंगची संपूर्ण यंत्रणा धुऊन त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे, किंवा कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात भरावे. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट केवळ रंग जुळतो म्हणून मिसळू नयेत, कारण रंगाचा आणि रसायनाचा संबंध सर्व कंपन्यांत सारखा नसतो. भरताना हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडून हवा पूर्ण निघू द्यावी. अडकलेली हवा नव्या कूलरलाही त्याच मार्गाने नेईल.

पडताळणीसाठी सकाळी थंड इंजिनात डब्यावर मार्करने रेघ मारावी, तारीख लिहावी आणि पुढचे काही आठवडे भरल्या गाडीने घाट चढून आल्यानंतरच्या सकाळी, स्टार्टर मारण्यापूर्वी, पातळी पाहावी. सुरुवातीला अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरेल, ती एकदा भरून घ्यावी. त्यानंतरही ती उतरत राहिली आणि ईजीआर कूलर निर्दोष असेल, तर आता गॅस्केटची पाळी येते. अशा वेळी यंत्रणेला रात्रभर दाब देऊन ठेवावा, सकाळी इंजेक्टर काढून भोकांतून बारीक कॅमेरा घालावा, आणि इतर तिघांच्या काळ्या माथ्यांमध्ये एखाद्या पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा चकचकीत आहे का ते पाहावे. तसा तो सापडला तर हेड निश्चिंतपणे उतरवावे, आणि उतरवल्यावर गॅस्केट बदलण्यापूर्वी हेडला तडा नाही ना, हे दाबाखाली तपासून घ्यावे.